पाणी न देण्याचं काम

मोसंबीच्या बागेला वर्षातून एकदा मुद्दाम तहानलेलं ठेवावं लागतं. दिवाळी उरकली की पाणी तोडायचं, झाडं मलूल होऊ द्यायची, थोडी पानं गळू द्यायची, आणि वेळ आली की पाणी सोडायचं. मग फुलं लागतात. याला ताण देणं म्हणतात. पाणी चालूच राहिलं तर झाड नुसता पाला फोडतं, फळाचं नाव नाही. आमच्या भागात हे कुणालाही विचारा, सांगेल. मलाही ठाऊक होतं. तरी माझा पहिला बहार गेला.

मी जालन्याची. मस्तगडात वाढले, लग्नानंतरही तिथंच राहिले. वडील कचेरीत, नवरा कचेरीत. सासरची जमीन वडीगोद्रीच्या बाजूला, ती थोरले दीर कसायचे. आम्ही सणावारी जायचो आणि येताना मोसंबीची गोणी डिकीत टाकून आणायचो. शेतीशी माझा संबंध एवढाच.

मग दिरांच्या पाठीचं ऑपरेशन झालं. वाकायचं नाही, उचलायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. त्यांना एकच मुलगी, ती पुण्याला. माझ्या नवऱ्याची नोकरी अजून शिल्लक. दिरांनी ठरवलं की बाग तोडून ऊस लावायचा. अंकुशनगरचा कारखाना जवळ, ऊस एकदा लावला की झाडागणिक फिरत बसावं लागत नाही. विचार चुकीचा नव्हता. पण बाग ऐन फळाला आलेली होती, आणि माझी दोन्ही मुलं बाहेरगावी गेल्यामुळे मी रिकामी होते. मी म्हणाले, मी बघते.

कुणालाच ते खरं वाटलं नाही. त्याला कारण होतं. आधी मी शिवणक्लास काढून बंद केला होता, विम्याची कामं घेऊन सोडली होती, आणि शेवटी कॉलेजच्या मुलींची मेस चालवली होती. मेस चांगली चालली. पण स्वयंपाकाला ठेवलेल्या बाईच्या हातातून मी झारा काढून घ्यायचे. वरणाला उकळी येते आहे तोवर दोनदा झाकण उघडायचे. एक बाई गेली, दुसरी गेली, तिसरी आलीच नाही. बसून वाट बघण्याचं काम मला कधी जमलं नाही. हातांना काहीतरी लागतं.

थोरल्या जाऊबाई, ज्यांना मी अक्का म्हणते, माझ्यासमोरच म्हणाल्या, "हिच्या पायाला भिंगरी. संक्रांतीपर्यंत टिकली तरी लई झालं."

पुढचं कळायला आमच्या घरची रीत सांगायला हवी. धाकट्या भावाच्या बायकोनं थोरल्या दिराशी समोरासमोर बोलायचं नाही, आणि दिरानंही तिच्याशी थेट बोलायचं नाही. दोघांच्या मधे अक्का. मी चहा घेऊन दारात उभी असले तरी दीर अक्कांना सांगायचे, "तिला म्हनावं, साखर कमी टाकत जाय." अक्का माझ्याकडे वळायच्या, "साखर कमी टाकत जाय." मी अक्कांना म्हणायचे, "कमीच टाकलीय." मग ते वाक्य दोन हातांच्या अंतरावर परत जायचं. जालन्यात मी मेसच्या मुलींच्या बापांशी भांडले आहे, विम्यासाठी परक्या पुरुषांच्या ओसरीवर जाऊन बसले आहे. पण वडीगोद्रीचा फाटा आला की पदर आपोआप डोक्यावर जायचा. त्याबद्दल मी कधी विचारही केला नव्हता.

दसऱ्यानंतर मी शेतातल्या घरी, दीर-अक्कांकडे, राहायला गेले. नवरा शनिवारी यायचा, सोमवारी सकाळच्या गाडीनं परत. दिवाळी झाली आणि अक्कांना मुलीच्या बाळंतपणाला पुण्याला जावं लागलं. निघताना त्यांनी ठणकावून सांगितलं, "पाणी बंद म्हंजे बंद. वॉलला हात लावायचा न्हाई." सोबतीला शेजारच्या वस्तीवरची चुलतसासू येऊन राहिली. ती ठार बहिरी. तिच्यामार्फत निरोप जाणं शक्यच नव्हतं.

पहिले काही दिवस बरे गेले. पण सकाळ जाईना. मस्तगडात उठलं की चहा, चहा झाला की गच्चीतल्या कुंड्यांना पाणी, मग दिवस सुरू. इथं चहा झाला की पुढे काहीच नाही. मी बागेत चक्कर मारायचे. पानांची चमक गेलेली, कडा आत वळलेल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा जायचे, पानं आणखी वळलेली. विहिरीत पाणी भरपूर. मोटारीचं बटण घराच्याच भिंतीवर. झाडं सुकतायत, पाणी आहे, आणि माझं काम काय तर काही न करणं.

एका सकाळी मी मोटार चालू केली. थोडाच वेळ. भिजवायचं नव्हतं, नुसता ओठ ओला करायचा होता, असं मी स्वतःला सांगितलं. दुसऱ्या दिवशी पानं जरा ताठ दिसली. मला बरं वाटलं. मग चहा झाला की अधूनमधून बटण दाबायची सवयच लागली. रोज नाही, म्हणून ते पाणी देण्यात मोजायचं नाही, असा माझा हिशेब.

दीर ओसरीवर खाटेवर पडून असायचे. मोटार सुरू झाली की ते मोठ्यांदा खाकरायचे. मला वाटलं, थंडी बाधली. मी त्यांच्या चहात आलं घालायला लागले. ते आणखी खाकरायचे, मी आणखी आलं किसायचे.

संक्रांतीनंतर रीतसर पाणी सोडलं. काही आठवड्यांत आजूबाजूच्या बागा पांढऱ्या झाल्या. आमची हिरवीगार झाली. इतकी कोवळी, लुसलुशीत पालवी की मी फोटो काढून नवऱ्याला पाठवला. त्याचा फोन आला, "वा, बाग काय ठेवलीस. दादाच्या वेळी कधी एवढी हिरवी नव्हती." आम्ही दोघंही किती अडाणी होतो ते त्या फोनवरून कळावं.

अक्का नातवाला न्हाऊमाखू घालून परत आल्या. पिशवी ओसरीवर टाकली आणि तशाच बागेत गेल्या. मी मागे. त्यांनी एक फांदी वाकवून पाहिली, दुसरी पाहिली.

"पाला इकायचा ठरवलाय का बाई?"

मी एक कोवळं पान खुडून चुरगळलं.

"पाणी दिलंस."

"थोडं थोडं."

"थोडं थोडंच वाईट. एकदा भरपूर दिलं असतं तर चूक तरी दिसली असती."

मी विचारलं, भावजी मोटार ऐकत होते, त्यांनी का सांगितलं नाही?

"कुणाला सांगतील? भावापाशी त्याच्या बायकोची तक्रार कशी करतील? मला फोन केलता त्यांनी."

"मग तुम्ही मला का नाही केला?"

"मी दवाखान्यात. पोरगी कळा देऊन राह्यली, अन् ह्यांचा फोन, मोटार चालू हाय म्हून. मी म्हनलं, ठेवा. मंग इसरूनच गेले." अक्कांनी फांदी सोडली. "त्यांनी खाकरलं न्हाई का?"

"मी आलं दिलं."

अक्का तिथंच बांधावर बसल्या आणि पदर तोंडाला लावून हसत राहिल्या. मला त्या दिवशी हसू आलं नाही.

रात्री जेवताना दिरांचा निर्णय अक्कांच्या तोंडून माझ्यापर्यंत आला. आणखी एक साल बघायचं. पुढचा बहार आला तर बाग राहील. नाही आला तर तोडून ऊस. मी समोरच ताट घेऊन बसले होते. "बरं म्हणावं," मी अक्कांना म्हणाले.

माझ्या बाजूनं सांगायचं तर मला बाग वाचवण्याचं फार मोठं वेड वगैरे नव्हतं. पण चौथी गोष्ट बंद पाडून मस्तगडात परत जाणं मला जमलं नसतं. जाऊन करणार काय? गच्चीतल्या कुंड्या?

पुढच्या वर्षभरात मी कामं शिकले. झाडाभोवती पाण्यासाठी आळी कशी ओढायची, वाळलेली काडी कुठून छाटायची, खोडाला मोरचूद-चुन्याची बोर्डो पेस्ट कशी लावायची, कुठल्या किडीला काय फवारायचं. ही सगळी हातांची कामं, ती मला जड गेली नाहीत. जड होतं ते दिवाळीनंतरचं. नवरा एका शनिवारी म्हणाला की माणसालाही असाच ताण लागतो, त्याशिवाय तो फुलत नाही. मी त्याला म्हटलं, तुला दोन दिवस चहा बंद करून बघू का? झाडाचं झाडापाशी राहू दे.

दिवाळी झाली. ठिबकच्या नळ्या मी स्वतः गुंडाळून झाडांच्या फांद्यांत अडकवल्या. या वेळी सकाळच्या चहानंतर काय करायचं ते आधीच ठरवून ठेवलं होतं. पहिल्यांदा अक्कांच्या स्वयंपाकघरातले सगळे डबे घासले. मग पुन्हा घासले. मग फडताळ रिकामं करून नव्या रीतीनं लावलं. अक्का जिरं शोधत फिरल्या.

"बाई, माझं घर म्हंजे काय तुझी मेस हाय का? जाय जरा बागेत."

"बागेत गेले की हात वळवळतात."

"मंग गोधडी शिव. पण माझ्या जिऱ्याला हात लावू नको."

मी गोधडी शिवायला घेतली. टाके उसवले, परत घातले. रस्त्यानं चालून वडीगोद्रीपर्यंत जायचे, दुकानातून काहीतरी फुटकळ घ्यायचे, परत यायचे. औषधाच्या दुकानातला मुलगा सांगायचा, मावशी, अमुक आठवडे ताण द्या. फोनवरच्या व्हिडिओत दुसराच आकडा असायचा. शेजारचे बागाईतदार तिसराच सांगायचे. मी मनात एकच गोष्ट पक्की केली होती. मागच्या साली मी घाई केली. यंदा घाई करायची नाही. ज्या दिवशी वाटेल पाणी द्यावं, त्या दिवशी द्यायचं नाही.

आणि ते जमायला लागलं. सुरुवातीला अवघड गेलं, पण मग त्यातच मजा वाटू लागली. शेजारच्यांनी संक्रांतीच्या आधीच ताण तोडून पाणी सोडलं. मी नाही सोडलं. संक्रांत झाली, हळदीकुंकवाला आलेल्या बायका म्हणाल्या, तुमची बाग लई सुकली. मी तिळगूळ देत म्हणाले, सुकू द्या. पानं गळून झाडांखाली पिवळा सडा पडला. बटणाकडे मी बघतही नव्हते. आयुष्यात पहिल्यांदा मला थांबता येत होतं आणि त्याची मला घमेंड चढली होती. मागच्या चुकीतून मी शिकले होते, असं मी सगळ्यांना सांगत होते.

बागेचा पश्चिमेकडचा भाग उताराचा, मुरमाड. तिथं माती जेमतेम. खालचा भाग काळ्या जमिनीचा, ओल धरून ठेवणारा. हे मला ठाऊक होतं, पण दोन्हीकडे मी एकच नियम लावला होता. नियम सोपा होता म्हणून.

त्या दिवशी अक्का आठवडी बाजाराला गेल्या होत्या. मी काळ्या जमिनीतल्या झाडांखालचा पाला गोळा करत होते. काठीचा आवाज आला. बघते तर दीर. ऑपरेशननंतर ते ओसरीची पायरी उतरून संडासापलीकडे गेले नव्हते. पट्टा कंबरेला बांधलेला, पायात कापडी चपला. मी पदर ओढला आणि बाजूला झाले. ते माझ्याजवळून सरळ मुरमाकडे चढले. मी अंतर ठेवून मागे गेले, पडले तर उचलायला कुणीतरी हवं म्हणून.

एका झाडापाशी ते थांबले. शेंड्याची काडी धरून मोडली. कडकन् मोडली. जरा खालून दुसरी मोडली. तीही कडकन्.

"हे मरून राह्यलंय," ते म्हणाले.

मी आजूबाजूला पाहिलं. दुसरं कुणी नव्हतं. मला वाटलं, स्वतःशीच बोलतायत.

त्यांनी मान वळवली. "तुला म्हनून राह्यलो. पानी सोड."

माझ्या लग्नाला इतकी वर्षं झाली, पण त्यांनी माझ्याशी बोललेलं ते पहिलं वाक्य. मला त्याचं काही वाटायच्या आत राग आला.

"मागच्या सालीच का नाही बोललात, भावजी?"

हेही पहिलंच. ते काठीवर दोन्ही हात ठेवून उभे राहिले.

"मागच्या साली नुसता बहार गेल्ता. झाडं मरत नव्हती."

"बहार गेला तर बाग तोडणार होतात ना? मग एकच की."

त्यांनी आणखी एक काडी मोडली. मग हळूच म्हणाले, "खाकरलो होतो."

"आलं घातलं होतं मी."

"लई तिखट व्हायचा चहा," ते म्हणाले. हसले नाहीत.

मी मोटारीकडे निघाले तसे ते मागून ओरडले, "फुल्ल सोड. आळी तुंबू दे. उशीर झालाय."

मी थांबले. वर्षभर या एका गोष्टीबद्दल मी इतकं वाचलं, विचारलं होतं, की तेवढं मला नक्की कळत होतं. सुकलेल्या झाडाला एकदम भरपूर पाणी दिलं तर आहेत ती पानंही टाकून देतं. पहिलं पाणी हलकं, मग काही दिवसांनी जरा जास्त, मग नेहमीचं.

"फुल्ल नाही. आज अर्धंच."

"आमी आजवर फुल्लच देत आलो."

"तेव्हा तुमचा ताण बरोबर असायचा. हा माझा आहे, जास्तीचा."

"बिलकुल ऐकायची न्हाईस?"

"अर्धं," मी म्हणाले.

ते पुटपुटत उतरू लागले. काय पुटपुटले ते ऐकू आलं नाही, पण ते माझ्यासाठीच होतं, अक्कांसाठी नव्हतं. मी नळ्या खाली सोडल्या, मुरमाकडचा वॉल आधी उघडला. पाणी मातीत पडून चर्र वाजलं. मागच्या साली पाणी देऊन बहार घालवला, यंदा न देऊन बाग घालवत होते. लोक म्हणतात चुकीतून शिकावं. मी शिकले होते, फार नीट शिकले होते, आणि त्या शिकण्याच्या नादात समोरचं झाड बघायचंच राहून गेलं होतं. ते बघितलं एका माणसानं, जो मागच्या वर्षी बघूनही गप्प राहिला होता. आमच्या घरातल्या दोघांनाही एकेक वर्ष वाया घालवावं लागलं.

पुढचे काही आठवडे कसे गेले ते विचारू नये. मी सकाळ-संध्याकाळ काड्या न्याहाळत फिरायचे. अक्कांचे डबे पुन्हा एकदा घासले गेले आणि या वेळी त्या काही बोलल्या नाहीत. मग काळ्या जमिनीतल्या झाडांवर डोळे फुगले. आधी वाटलं पालवीच आहे. नखानं उकलून पाहिलं, आत पांढरी कळी. दुसऱ्या झाडावर पाहिलं, तिथंही. मी घरी येऊन दिरांसमोर फांदी धरली. त्यांनी चष्मा लावून पाहिली आणि परत दिली.

"मुरमात काय हाय?" त्यांनी विचारलं.

मुरमात नव्हतं. तिथल्या बऱ्याच झाडांचे शेंडे वाळले. काही झाडं खालून फुटली, काही फुटलीच नाहीत. तेवढी माझ्या घमेंडीची किंमत.

फुलं पुरती उमलली होती तेव्हा कारखान्याकडून एक माणूस उसाच्या नोंदीसाठी आला. मागच्या वर्षीच दिरांनी त्याला बोलावून ठेवलं होतं. तो ओसरीवर बसला, पाणी प्याला. बागेच्या वासानं त्याला सारख्या शिंका येत होत्या.

"मंग दादा, कधी रिकामं करून राह्यले रान?"

"रिकामं न्हाई," दीर म्हणाले. "बहार धरलाय."

"अन् ते वरचं? मुरमाचं? तिथं तरी लावा."

दीर काही बोलायच्या आत मी दारातूनच म्हणाले, "तिथं ऊस तगायचा नाही. तिथं मेलेली झाडं काढून नवी कलमं लावणार आहे."

त्या माणसानं दिरांकडे पाहिलं. धाकटी भावजय दारातून परस्पर बोलते, हे त्याच्याही घरात होत नसावं. दीर त्याच्यासमोरच माझ्यावर वैतागले. "कलमं पावसाळ्यात लावत्यात. आत्ता उन्हात कामून नाचून राह्यलीस?"

"खड्डे उन्हाळ्यातच खणतात. तापायला नकोत का?"

"मंग दूरदूर खण. पहिल्यांदा मी दाटीनं लावली तिथंच चुकलो."

"किती दूर?"

तो माणूस चहा न घेताच गेला. आता आमच्या घरात दिवसभर आवाज असतो. मोटारीवरून, खतावरून, मजुरांवरून मी आणि दीर थेट भांडतो. अक्का म्हणतात, निरोप सांगत होते तेव्हाच बरं होतं, निम्म्या गोष्टी मी मधेच गाळायची, घर शांत राहायचं. फळं आत्ता गोटीएवढी आहेत आणि गळतायत. थोडी गळायचीच असतात असं दीर म्हणतात. थोडी म्हणजे किती, हे विचारायला मी सकाळी चहाच्या आधीच ओसरीवर जाते. मुरमात खणायला घेतलंय. वर हातभर माती, खाली नुसता दगड, पहार ठणठण वाजते. पहिला खड्डा निम्मा झाला तेव्हा दीर काठी टेकत वर आले, आत डोकावले आणि म्हणाले, आणखी खोल.